आईचं कशाला धरायचं?

गेले ४ शनिवार मी शाळेत जात होतो. म्हणजे शिकायला नव्हे, शिकवायला, असं आम्ही समजत होतो निदान. महापालिकेची शाळा, सातवीचा वर्ग, ३४ पोरं, शनिवारची सकाळची शाळा त्यामुळे सव्वासातला हजर व्हायचं, आणि मी एरवी नऊच्या आत अंथरूण न सोडणारा माणूस. आम्ही चौघं. मी लोकांची खाती लिहितो, जीएसटी भरतो. एक मित्र, त्याचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. एक कॉमर्सचा पोरगा, कॉलेजचा. आणि सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरवर बसून रिटायर झालेल्या मावशी, ज्यांना नोट हातात घेतली की खरी का खोटी ते बघावं लागत नाही, बोटालाच कळतं.

विषय होता 'पैसा आणि धंदा'. कल्पना कॉलेजच्या पोराची. त्यानं कुठंतरी वाचलेलं की अमेरिकेत ज्युनियर अचिव्हमेंट म्हणून संस्था आहे, १९१९ ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला सुरू झाली, तिथं गावातली धंदेवाली माणसं पोरांना शाळा सुटल्यावर घेऊन बसायची, पोरं छोटी कंपनी काढायची, शेअर विकून भांडवल गोळा करायची, काहीतरी बनवून विकायची आणि शेवटी कंपनी गुंडाळून नफा वाटून घ्यायची. आता तिथले स्वयंसेवक वर्गात जाऊनच शिकवतात म्हणे. आमचा लेथवाला लगेच म्हणाला, १९१९ काय सांगतोस, त्याच्या २ वर्षं आधी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं होतं इथं. त्याचा याच्याशी काय संबंध ते त्यालाच माहीत पण कोल्हापुरात बसून अमेरिकेचं कौतुक कोण ऐकून घेणार.

पहिला शनिवार पार फसला. मी लॅपटॉपवर पीपीटी करून नेलेली, 'गरज आणि हौस'. भात गरज, मोबाईल हौस, औषध गरज, असं छान रंगीत. तिसऱ्या स्लाइडला एक पोरगा उठला, "सर, रविवारचं मटण कशात?" मी म्हणालो, हौस. संपलं. वर्ग पेटला. "हौस कसली वो सर, रविवार हाय!" एक पोरगी तर तावातावानं उभी राहिली, "मी सांगतो, आमच्यात आज्जी आठवडाभर मटणाचे पैसे डब्यात वेगळे ठेवती, मग ती गरजच झाली की." (बाहेरगावच्यांसाठी, आमच्याकडं पोरी पण 'मी सांगतो', 'मी जातो' असंच बोलतात, चूक समजू नका.) मतदान घ्यावं लागलं. ३४ पैकी ३१ गरज, २ हौस आणि एक शाकाहारी. पीपीटी तिथंच बंद केली ती आजतागायत उघडली नाही.

पण त्या पोरीचं वाक्य डोक्यात राहिलं. आज्जी पैसे डब्यात वेगळे ठेवती. म्हणजे बजेट त्यांच्या घरात आहेच, आम्ही त्याला नुसतं बजेट हे नाव द्यायला गेलो होतो.

दुसऱ्या शनिवारी म्हणून काहीच तयारी करून गेलो नाही, मावशींना पुढं केलं. त्यांनी बँकेची स्लिप भरायला लावली, रक्कम अक्षरी लिहायला लावली, त्यात निम्म्यांनी 'मात्र' कुठं लिहायचं यावर भांडणं केली. मग त्यांनी सांगितलं की १० वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतः व्यवहार करता येईल असं बचत खातं बँका देऊ शकतात, आरबीआयनं तशी मुभा दिलेली आहे, तेव्हा पोरं जरा सरसावून बसली. मग बचत. मावशी म्हणाल्या भिशी कुणाला माहिती आहे. सगळे हात वर! एका पोरानं फळ्यावर येऊन लिलाव भिशी समजावली, ती मी तरी आजपर्यंत इतकी सरळ कुणाकडून ऐकली नाही. १० बायका, महिन्याला प्रत्येकी १००० रुपये, म्हणजे जमतात १०,०००. आता या महिन्यात ज्याला लई नड आहे तो म्हणतो मला ८५०० द्या, बास. राहिलेले १५०० दहाजणींत वाटायचे, १५०-१५०. "ज्याला जास्त नड, तो कमी घेतो," पोरगा म्हणाला आणि जाऊन बसला. मावशी मिनिटभर गप्पच. मग म्हणाल्या, बाळा, तू आत्ता व्याज शिकवलंस.

तिथून गाडी खाजगी सावकारीवर गेली. मी फळ्यावर लिहिलं, बँक १२ टक्के, सावकार ५ टक्के, कुणाकडून घ्याल? अख्खा वर्ग ओरडला, सावकार! स्वस्त पडतो की. हे ऐकून मला खरंच धस्स झालं, कारण याच पोरांना तीन मिनिटांपूर्वी लिलाव भिशी येत होती. बँकेचे १२ हे वर्षाचे असतात आणि सावकाराचे शेकडा ५ हे महिन्याचे, हे कुणी बोललंच नव्हतं त्यांच्यासमोर कधी. १०,००० वर बँकेचे वर्षाला १२०० आणि सावकाराचे महिन्याला ५०० म्हणजे वर्षाला ६०००. मांडून दाखवलं. मागच्या बाकावरचं एक पोरगं आकड्याकडं नुसतं बघत राहिलं, वहीत उतरवून घेतलं, आणि मधल्या सुट्टीत मला हळूच विचारलं, "सर मुद्दल न देता नुसतं व्याजच देत राहिलं तर कधी फिटतंय?" मी म्हणालो नाही फिटत. ते 'बरं' म्हणालं आणि गेलं. कुणाच्या घरचं होतं ते मी विचारलं नाही.

अजून एक प्रश्न आला जो येणारच होता. बँक बुडली तर? मावशींनी सांगितलं, बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागं व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या आधी तो १ लाखच होता. सहकारी बँकेला पण तो लागू. पतसंस्थेला मात्र नाही. "आमच्या आज्जीचे पतसंस्थेत हाईत, देईनात," असं एक पोरगी म्हणाली, अगदी सहज, पाऊस पडतोय म्हणावं तसं. ३१ वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईकडं पण याला उत्तर नव्हतं.

मुख्याध्यापक मधेच एकदा डोकावून गेले, त्यांना स्कॉलरशिपचा तास बुडतोय याचं टेन्शन. आणि एका कंपनीच्या माणसाचा फोन आला होता, पोरांना टी-शर्ट देतो म्हणाला, छातीवर कंपनीचं नाव, बदल्यात फोटो. लेथवाल्यानं विचारलं टी-शर्ट कितीला पडतो, त्या पैशात दोनरेघी वह्या द्या. परत फोन आला नाही.

तिसरा शनिवार धंद्याचा. लेथवाल्यानं आधी गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत असते पण पोरांना नव्हती. शाहू महाराजांकडं नोकरीला असलेला दलित माणूस, पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्ला, महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेल निघालं पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः त्याच्या दारात गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांना पण प्यायला लावायचे. लेथवाल्याला सांगायचं होतं की भांडवल देणं वेगळं आणि गिऱ्हाईक होणं वेगळं. पण पोरांना भलताच प्रश्न, "महाराज चहाचे पैसे द्यायचे काय?" मावशी म्हणाल्या, दिलेच असणार, फुकटच्या चहावर हॉटेल कसं चालंल? गंगावेसच्या दूध कट्ट्यावर ज्याचा बाप म्हैस घेऊन उभा असतो असं एक पोरगं आहे वर्गात, त्यानं मान डोलावली, "उधारीवर म्हस जगत न्हाई." यावर मी काय बोलणार.

मग ५-५ जणांचे गट, पुढच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात बाजार. कुणी सरबत, कुणी उकडलेल्या शेंगा, कुणी रद्दीच्या पिशव्या. एका गटानं भडंग घेतलं.

आणि आता खरं सांगायचंय ते हे.

बाजार जोरात झाला. पालक आले, शेजारच्या वर्गातली पोरं आली, साडेनऊलाच बराचसा माल खलास. मग वर्गात हिशोब. भडंगवाल्यांची पुढारी म्हणजे तीच मटणवाली पोरगी. तिनं ऐटीत लिहिलं, चुरमुरे १२०, शेंगदाणे ८०, पिशव्या ४०, खर्च २४०. विक्री १० रुपयाच्या ४२ पुड्या, ४२०. नफा १८०. टाळ्या.

मी विचारलं, तेल? "घरातलं." कांदा-लसूण चटणी? "घरातली." लसूण, कढीपत्ता? "परसातलं, नायतर घरातलं." गॅस? "घरातला की वो सर." परतलं कुणी? "आईनं." किती वेळ लागला? रात्री साडेआठ ते साडेअकरा.

तेल ७५ धरलं, चटणी ४०, गॅस १०. १८० चे राहिले ५५. पोरांचे चेहरे बघण्यासारखे झालेले. त्यात मी अजून शहाणपणा केला, म्हणालो आता आईचे ३ तास धरा. तर पोरगी चिडलीच, "आईचं कशाला धरायचं? आई काय मजूर हाय काय?"

मला एकदम काही सुचेना. कारण मी रोज जी खाती लिहितो त्यात पण हे धरत नाही कुणी. दुकान नवऱ्याच्या नावावर, दुपारी गल्ल्यावर बसणार बायको, पगार शून्य, आणि वर्षाच्या शेवटी नफा भारी दिसतो म्हणून मालक खूश. मी स्वतः ती बॅलन्सशीट करून दिलेली असते. लेथवाला पण खाली बघत होता, त्याच्या वर्कशॉपची बिलं त्याची बायको करते.

५५ भागिले ३, तासाला साधारण १८ रुपये, तेही पाच पोरांनी स्वतःला काहीच लावलं नाही तर. एकानं विचारलं म्हणजे आपण तोट्यात? मी म्हणालो, माहीत नाही, तुम्ही आईला तासाला किती धरता त्यावर आहे. गोंधळ. "५०!" "१००!" "आमची आई ५०० ची हाय!"

पोरगी गप्प होती. मग म्हणाली, आई चपलांच्या वेण्या घालती, घरी बसून, जोडीवर पैसे मिळतात. तासावर नाही. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावरची ती बारीक कातडी वेणी असते ना, ती कितीतरी घरांत बायकाच घालतात. आता वर्गात रील बघणारे तज्ज्ञ बसलेलेच, लगेच एक ओरडला, "प्राडानं चोरलं ते काय?" जून २०२५ ला मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या चपला कोल्हापुरीसारख्या दिसल्या, केवढा कालवा झाला, मग कंपनीनं कबूल केलं की भारतातल्या कारागिरीवरून घेतलंय. किंमत लाखाच्या वर, असं तेव्हा सगळीकडं फिरत होतं. २०१९ पासून आपल्या चपलेला जीआय आहे, म्हणजे ती याच भागातली असल्याची सरकारी नोंद, हे मावशींनी सांगितलं, पण पोरांना त्यात रस नव्हता, त्यांचं गणित दुसरंच चाललेलं. लाखाच्या चपलेत वेणीचे किती?

भडंगाच्या राहिलेल्या चार पुड्या घेऊन पोरीची आई अजून पटांगणातच होती. तिला कुणीतरी आत बोलावून आणलं. दारातच उभी राहिली, आत यायला संकोच. पोरीनं फळ्यावरचं दाखवलं, "आई, तुझे तासाला १८ आल्यात." आई हसली. मग वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आली, "सर, ते तासाचं कसं काढायचं वो? वेणीचं काढून द्या की."

बाकावर बसलो. दिवसाला किती जोड्या, जोडीला किती, धागा कुणाचा, मेण कुणाचं, माल आणायला नि पोचवायला जाण्यायेण्यात किती वेळ. ती सांगत गेली, मी मांडत गेलो. चालत जायची म्हणून रिक्षाचे पैसे तिनं धरलेच नव्हते कधी, आणि चालायचा वेळ पण नाही. आकडा आला. १८ च्या वर होता, पण फार वर नव्हता. तिनं कागद नीट बघितला, चार घड्या घालून पिशवीत टाकला, आणि म्हणाली, "चपलेवाल्या मालकाला दाखवू का नको?" मी म्हणालो दाखवा. पोरगी म्हणाली आधी वहीत उतरवून घेतो, मालकानं ठेवून घेतला म्हणजे?

मला हे आधी सुचायला हवं होतं, खाती लिहितो मी.

भडंगाचे १८० रुपये अजून मावशींच्या पाकिटात आहेत. त्यातले आईला द्यायचे का, किती द्यायचे, का प्रत्येकी ३६ वाटून घ्यायचे यावर पाचजणांचं एकमत होईना. मतदान दोन वेळा झालं, दोन्ही वेळा २ विरुद्ध २, आणि पाचवा म्हणतोय आधी तेलाचे द्या, तेल आमच्या घरचं होतं.