‘अद्याप तयार नाही’ : ऑनलाइन अभ्यासक्रम हाती घेण्याआधीचा माझा अनुभव

एकोणीस वर्षं भूगोल शिकवल्यानंतर माझ्या नावापुढे ‘अद्याप तयार नाही’ असा शेरा आला, तेव्हा तो फार लागला. स्टाफरूममध्ये कुणाकडे बोलले नाही. घरी आल्यावर मुलीला सांगितलं आणि रडू आलं. त्याला आता सहा महिने झाले. तो शेरा बरोबर होता असं मला आज वाटतं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना पुढेमागे यातून जायचंच आहे, म्हणून सगळं लिहून काढतेय.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमांनी सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून करायची मुभा दिली होती, २०२१ च्या नियमांनी ती ४० टक्क्यांवर नेली. तेव्हापासून ऑनलाइन अभ्यासक्रम ही हौशीची गोष्ट राहिलेली नाही. आमच्याकडे नकाशावाचनाचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम ऑनलाइन घ्यायचं ठरलं, तेव्हा मी आपणहून नाव दिलं. पण नाव दिलं की लगेच शिकवायला सुरुवात, असं नव्हतं. आधी स्वमूल्यमापनाचा फॉर्म, मग तांत्रिक चाचणी, मग नमुना पाठ आणि त्यावर तिघांच्या समितीशी चर्चा, आणि हे सगळं पार पडलं तर मोजक्या विद्यार्थ्यांबरोबर दहा दिवसांची चाचणी.

फॉर्ममध्ये तीसेक विधानं होती, प्रत्येकापुढे १ ते ५ गुण आपले आपणच द्यायचे. मी जवळपास सगळीकडे ४ आणि ५ दिले, तेही अगदी मनापासून. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी गूगल मीटवर तास घेऊ लागले होते. वर्ष-दीड वर्ष रोज तास घेतले, परीक्षा घेतल्या, जर्नल तपासली. मग आणखी कसली तयारी हवी? शेवटच्या पानावर मात्र तीन प्रश्नांची उत्तरं शब्दांत लिहायची होती. आठवड्यातले कोणते तास या अभ्यासक्रमासाठी राखून ठेवाल? कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत नकाशा कसा पोचवाल? आणि तिसऱ्या दिवसापर्यंत एकदाही न आलेल्या विद्यार्थ्याचं काय कराल? पहिल्या दोन्हींवर मी दोन-दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्यापुढे लिहिलं, ‘सूचना पाठवेन.’

तांत्रिक चाचणीत अडचण आली नाही. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीवर धडा चढवायचा, ओबीएसने पडदा रेकॉर्ड करायचा, एक छोटी प्रश्नमंजूषा तयार करायची आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो का चुकला हे लिहायचं. हे शेवटचं काम मला आवडलं. नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांचा ‘व्ही’ आकार दिसला की निम्मी मुलं दरीला सोंड (डोंगराची पुढे आलेली धार) म्हणतात आणि सोंडेला दरी. वर्गात मी नुसतं ‘चूक’ म्हणून पुढे जायचे. इथे मला लिहावं लागलं, ‘व्हीचं टोक कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल तर दरी, कमी उंचीच्या आकड्याकडे असेल तर सोंड.’ इतकं सरळ मी वर्गात कधी सांगितलं होतं का, हा प्रश्न तिथेच मनात आला.

खरी अडचण आली नमुना पाठाला.

वर्गात समोच्च रेषा शिकवताना मी मूठ आवळते. बोटांच्या उंचवट्यांभोवती मार्करने एकात एक गोल काढते आणि मग मूठ उघडून हात सपाट करते. डोंगर गेला, रेषा राहिल्या. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून बघायला येतात. पण रेकॉर्डिंग करायचं म्हटल्यावर मी हे सगळं बाजूला ठेवलं आणि पीपीटी केली. बावीस स्लाइड, २८ मिनिटं. व्याख्या, समोच्च रेषांमधलं अंतर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर (भूरूपं दाखवणाऱ्या नकाशावर) ते साधारण २० मीटर असतं, रेषा दाट तर उतार तीव्र, रेषा विरळ तर उतार मंद. एकही चूक नव्हती. आवाज स्वच्छ होता. तीनदा रेकॉर्ड करून त्यातलं चांगलं निवडलं होतं.

समितीत तिघं होते. त्यातल्या एक मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी व्हिडिओ नवव्या मिनिटाला थांबवला आणि विचारलं, “मॅडम, इथपर्यंत विद्यार्थ्याने काय केलं?”

मी म्हटलं, “ऐकलं.”

“ऐकलं हे आपल्याला कशावरून कळतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात ते मला चेहऱ्यावरून कळतं. मान खाली गेली, पेन थांबलं, दोघींची कुजबुज सुरू झाली की मी परत मागे जाते. इथे माझ्यासमोर फक्त लॅपटॉपचा कॅमेरा होता आणि मी त्याच्याशी २८ मिनिटं बोलत होते. मग दुसऱ्या सरांनी २०१४ च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरचे व्हिडिओ ६९ लाख वेळा पाहिले गेल्याच्या नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष असा, की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच मुलं जास्त टिकून बघतात. शेवटी त्यांनी माझा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर लावून माझ्या हातात दिला. टोपोशीटवरच्या तपकिरी रेषा पाच-सहा इंची पडद्यावर दिसतच नव्हत्या. नुसता मातकट डाग. माझ्या निम्म्याहून जास्त मुलांकडे लॅपटॉप नाही, हे मला माहीत होतं. तरी सगळं काम मी लॅपटॉपच्या पडद्यावर बघूनच केलं होतं.

शेरा दुसऱ्या दिवशी ईमेलवर आला. खाली एक ओळ होती : महिन्याने पुन्हा पाठ सादर करता येईल.

पहिला आठवडा रागात गेला. त्या रागाचं एक कारण मला आजही खरं वाटतं. असा अभ्यासक्रम उभा करायला जो वेळ लागतो तो आमच्या वर्कलोडमध्ये कुठेच धरला जात नाही. १६ तासांचा वर्कलोड सांभाळून रात्री दहानंतर रेकॉर्डिंग करायचं, कारण त्याआधी गल्लीत शांतता नसते. शिक्षकाची तयारी तपासताना संस्थेची तयारीही तपासायला हवी, हे मी समितीला लेखी कळवलं. त्यावर उत्तर आलेलं नाही.

वाट सापडली ती अचानक. माझी मोठी बहीण लग्नानंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. माहेरी माळ्यावर तिची पुस्तकं अजून आहेत. त्यातलं एक सहज चाळलं. दोन-तीन पानं झाली की मजकूर थांबतो, प्रश्न येतो, उत्तराला मोकळी जागा असते, आणि ताईने त्या जागेत बारीक अक्षरात उत्तरं लिहिलेली. काही खोडून परत लिहिलेली. लेखकाला ताई कधीच दिसणार नव्हती, म्हणून त्याने तिला दर दोन पानांवर थांबवून विचारलं होतं. हे विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्येच आहे. मी त्याच जिल्ह्यात शिकवते, पण त्या पुस्तकांकडे ‘आपल्या कामाची’ म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

मग पाठ नव्याने केला. २८ मिनिटांच्या एका व्हिडिओऐवजी पाच छोटे तुकडे झाले, सगळ्यात मोठा साडेपाच मिनिटांचा. आणि मधोमध बटाटा ठेवला. मोठा बटाटा उभा अर्धा कापायचा, कापलेली बाजू खाली करून पसरट भांड्यात ठेवायचा. भांड्यात एक सेंटिमीटर पाणी ओतायचं, पाणी जिथे टेकलंय तिथे बटाट्यावर सगळीकडून खूण करायची. आणखी एक सेंटिमीटर पाणी, परत खूण. बटाटा बुडेपर्यंत हे करायचं, मग पाणी काढून बरोबर वरून बघायचं. फोन पाण्याच्या डब्यांच्या चळतीवर उलटा टेकवून मी हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर रेकॉर्ड केलं. पहिल्या खेपेला लक्षात आलं की ओल्या बटाट्यावर पेन उमटत नाही, म्हणून खिळ्याने ओरखडा काढला आणि तोही कसा काढायचा ते दाखवलं. व्हिडिओ तिथे थांबतो. पुढचा तुकडा उघडायचा तर विद्यार्थ्याने आपल्या बटाट्याचा वरून काढलेला फोटो पाठवायचा. मुठीचं प्रात्यक्षिकही आलं, कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर. टोपोशीटचा फक्त छोटा भाग मोठा करून घेतला आणि त्यावरच्या रेषा जाड आणि गडद काढल्या. कमी दिसणाऱ्यांसाठी प्रत्येक आकृतीचं शब्दांत वर्णन लिहिलं. ते लिहिणं अवघड गेलं, पण ओरखडे काढलेला बटाटा बोटांनी चाचपूनही समजतो, हे त्यातूनच सुचलं.

दुसऱ्या वेळी समितीने पाठ पूर्ण पाहिला. त्या धाकट्या मॅडमनी विचारलं, “बटाटा नसेल तर?” मी म्हटलं, “मळलेल्या कणकेचा गोळा चालेल, मात्र कोरडं पीठ लावून घट्ट करायचा.” त्या हसल्या आणि लिहून घेतलं.

दहा दिवसांच्या चाचणीला चौदा मुलं होती. पहिल्या दोन दिवसांत अकरा फोटो आले. कुणाच्या बटाट्याला दोन शिखरं, मध्ये खिंड. एका मुलीने तर आईच्या हातचा मुटकाच वापरलेला. प्रत्येकीला, प्रत्येकाला मी दोन ओळी लिहिल्या, आणि त्याला किती वेळ लागला तेही मांडून ठेवलं : चौदा जणांना रोज सरासरी चाळीस मिनिटं. ‘किती तास द्याल’ या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे मिळालं.

तिसऱ्या दिवशी मूडलवरची नोंद उघडली. एका मुलाच्या नावापुढे पहिल्या दिवशीचं एकच लॉगइन, सात मिनिटांचं. त्यानंतर काही नाही. फॉर्मवर लिहिलं होतं तशी सूचना पाठवली. उत्तर नाही. संध्याकाळी फोन केला, मागे गाड्यांचा आवाज. तो टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीत रात्री कामाला जातो. म्हणाला, “मॅडम, पहिला व्हिडिओ उघडला आणि त्यातच दिवसाचा डेटा संपत आला. उरलेला घरी धाकट्या बहिणीला लागतो.” मी तपासलं. साडेपाच मिनिटांचा तो व्हिडिओ २१० एमबीचा होता. मुलीने मला तो लहान करायला शिकवलं, १८ एमबीवर आला आणि फोनवर दिसायला काडीचाही फरक नाही. शिवाय आवाजाची वेगळी फाइल आणि आकृत्यांची दोन पानांची पीडीएफ ठेवली. सहाव्या दिवशी पहाटे पावणेपाचला त्याचा फोटो आला. बटाटा नव्हता, टोमॅटो होता. कापलेला, आडवा ठेवलेला, आणि त्यावर खिळ्याचे तीन ओरखडे अगदी व्यवस्थित. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, डाव्या बाजूला रेषा जवळ आल्यात म्हणजे तिकडे कडा.’

चाचणी संपल्यावर त्याच तीस विधानांचा फॉर्म परत भरायचा होता. या वेळी मी बऱ्याच ठिकाणी ३ दिले, दोन ठिकाणी २. समितीने ‘तयार’ असा शेरा दिला. माझं स्पष्ट मत असं की या फॉर्ममध्ये गुण आपणच द्यायचे, ही पद्धत कच्ची आहे. ‘मला विद्यार्थ्यांशी संवाद साधता येतो’ यापुढे ५ लिहायला काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘विद्यार्थ्याला तुम्ही लिहिलेलं शेवटचं उत्तर इथे चिकटवा’ असं विचारावं. ज्यांना हा फॉर्म येईल त्यांनी निदान स्वतःपुरतं तरी प्रत्येक गुणापुढे एक पुरावा लिहावा. आणि पहिला व्हिडिओ दाखवण्याआधी तो घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून बघावा.

गेल्या सोमवारी अभ्यासक्रम सुरू झाला. बासष्ट मुलं आहेत. बुधवारी संध्याकाळी चार ते सहा ही वेळ मी टाइमटेबलवर लाल शाईने राखून ठेवली होती. चार वाजता नोंद उघडली. नऊ नावांपुढे काहीच नव्हतं. पहिल्या नावाचा नंबर काढला आणि फोन लावला.