परवान्यावरची एक नोंद आणि अडकून पडलेली नोकरी : पार्सलच्या गाडीवर चालक होताना आलेला माझा अनुभव

सोलापुरात पार्सलच्या गाडीवर चालकाचे काम मिळणे अवघड नाही. मिळालेले काम प्रत्यक्ष सुरू होणे अवघड आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यातली माझी नोकरी सुटल्यावर मी या कामाकडे वळलो. गाडी चालवून दाखवणे, वैद्यकीय दाखला, पॅन, बँकेचे पासबुक हे सगळे झटपट पार पडले. त्यानंतर माझा अर्ज ज्या कारणावर अडकला, त्याचा राग मनातून अजून गेलेला नाही.

आधी या कामाची रचना सांगतो, कारण अडचणीचे मूळ तिच्यातच आहे. पार्सल मोठ्या कंपनीचे असते, हब म्हणजे पार्सले जमा करून वाटपाला सोडण्याचे केंद्रही तिचे असते, पण चालकाला कामावर ठेवतो तो व्हेंडर म्हणजे स्थानिक ठेकेदार, आणि कागदपत्रांची पडताळणी करते ती तिसरीच एजन्सी, जिचे कार्यालय आपल्या शहरात नसते. काही बिनसले की व्हेंडर एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी ‘कंपनीचा नियम’ म्हणते आणि कंपनीपर्यंत चालकाचा आवाज पोहोचतच नाही.

माझ्या अर्जावर लाल अक्षरांत शेरा आला : ‘परवान्यावर ट्रान्सपोर्टची नोंद नाही.’ म्हणजे व्यावसायिक वाहन चालवण्याची वेगळी नोंद नाही. माझ्याकडे हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्हीचा, वैध परवाना आहे आणि मला चालवायला मिळणार होता तो छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो. मालासकट 7500 किलोपर्यंत एकूण वजन असलेले मालवाहू वाहन एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, त्यासाठी ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला. त्यानुसार केंद्रीय परिवहन मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये राज्यांना कळवले. आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तीच भूमिका कायम केली. छोटा हत्ती या मर्यादेच्या कितीतरी आत बसतो. एवढे सगळे स्पष्ट असताना एजन्सीच्या अर्जातील तो रकाना मात्र कोणी बदललेला नव्हता.

व्हेंडरच्या सुपरवायझरला मी हे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मालक, कायदा तुमच्या बाजूने असेल, पण सिस्टम घेत नाही.” मग मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या खिडकीवर मला सौजन्याने सांगण्यात आले की एवढ्या गाडीला वेगळी नोंद लागत नाही. आणि तसे लेखी मागितल्यावर, जे कायद्यानेच लागत नाही त्याचे पत्र वेगळे कशाला, असा प्रश्न आला. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. परंतु एजन्सीला कागद हवा होता, आणि गरज नसलेल्या नोंदीचा कागद कोणीच देत नाही. हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस भेटे, दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागे आणि दर वेळी ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ या वाक्यावर फोन संपे. ती पुढची जागा कोणती, हे मला कधीच कळले नाही. या काळात माझा ठरलेला भाग दुसऱ्या चालकाला देण्यात आला, घर पत्नीच्या शिवणकामावर चालले आणि ‘अजून कसं झालं नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला उत्तर देता देता जीव मेटाकुटीला आला. गाडी चालवता येते, परवाना खरा आहे, हबमध्ये माणसे कमी आहेत, आणि तरीही मोबाइलवरच्या एका रकान्यापायी घरी बसायचे, याची चीड शब्दांत सांगता येणार नाही.

ओळखीच्या एका एजंटाने पैसे घेऊन नोंद ‘आणून देतो’ म्हटले. मी ठाम नकार दिला, आणि तुम्हीही द्या.

अखेर फोन बंद करून मी कागद हाती घेतला. परवान्याची प्रत, गाडीचे एकूण वजन दिसेल असे आरसीचे (गाडीच्या नोंदणीपत्राचे) पान, 2018 चे पत्र आणि 2024 च्या निकालाची शेवटची पाने, ज्यांवर लागू असलेला मजकूर पेनने अधोरेखित केला होता, एवढे एकत्र स्कॅन केले. सोबतच्या अर्जात एकच प्रश्न विचारला : ही नोंद कोणत्या कलमान्वये आवश्यक आहे, ते लेखी कळवावे. तो मेल एजन्सीच्या तक्रार विभागाला, व्हेंडरच्या मालकांना आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयाला एकाच वेळी पाठवला. कलम कोणीच कळवले नाही, मात्र अर्जावरचा लाल शेरा जाऊन ‘मंजूर’ असे आले. तो क्षण मला नेमणुकीपेक्षाही मोठा वाटला. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि घातक माल वाहणाऱ्या वाहनांना एलएमव्ही परवान्याची ही सवलत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता कामाविषयी. खरा निर्णय गाडी कोणाची, हा आहे. व्हेंडरची गाडी घेतली तर ठरावीक पगार मिळतो, डिझेल त्याचे असते, पण गाडीला ओरखडा आला की कपात कोणाची, हे आधी लिहून घ्यावे. स्वतःची गाडी असेल तर पार्सलमागे पैसे जास्त सुटतात, परंतु हप्ता, व्यावसायिक विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि फिटनेस (गाडी सुस्थितीत असल्याचा दाखला) आपल्याच माथी येतात. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागते. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हा मोठा दिलासा आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी या कामाला लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

परत आलेल्या पार्सलचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आपला भाग ओळखणे हीच खरी कमाई आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे तेलुगू भाषक विणकरांची वस्ती आहे, ग्राहकाने फोन उचलला नाही म्हणून ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असे नोंदवून पुढे जाऊ नका. घरात यंत्रमाग चालू असतो, त्या खडखडाटात फोनची घंटा ऐकूच येत नाही; दाराची कडी जोरात वाजवली की हाताला सुताचे तंतू चिकटलेला माणूस बाहेर येतो आणि ओटीपी सांगतो. तेलुगूतली दोन-चार वाक्ये येत असतील तर आजीबाईंकडून पत्ताही नीट कळतो. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, घर क्रमांकाबरोबर ग्रुप (वसाहतीचा विभाग) विचारल्याशिवाय गाडी वळवू नये. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरील पार्सले सकाळीच उरकावीत. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत होटगी रोडवर पार्सलांची चढ-उतार करताना अंगाची अक्षरशः लाही होते; या कामाची सगळ्यात मोठी किंमत मला तीच वाटते, आणि ती कोणत्याही दरपत्रकात धरलेली नसते.

आणखी एक सांगायचे राहिले. रोखीच्या पार्सलचा हिशेब हबमध्ये रोजच्या रोज जमा करून पावतीचा फोटो काढावा, कारण तूट निघाली की ती चालकाच्या नावावर पडते. व्हेंडर तुम्हाला कंत्राटदार म्हणून दाखवत असेल तर टीडीएस, म्हणजे मोबदल्यातून आधीच वळता केलेला प्राप्तिकर, कापला जातो. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरून तो परत मिळवावा. ई-श्रम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर गिग कामगार (कायम नोकरीऐवजी कामागणिक मोबदला घेणारा) म्हणून नोंदणीही करून ठेवावी. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून तिच्यात अशा कामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही नोंदणी आधारला जोडलेल्या मोबाइलवरून घरबसल्या होते आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.