तुरटी, उकळी आणि 210 बेक्वेरेल

23 मार्च 2011, बुधवार, दुपार. लेक साडेचार महिन्यांची होती. माझं दूध तिला पुरत नव्हतं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा वरचं दूध सुरू होतं. पावडर मोजून बाटलीत घातली होती, पाणी उकळून कोमट व्हायला ठेवलं होतं, आणि टीव्हीवर खालून पट्टी सरकू लागली. माझं जपानी तेव्हा बाजारहाटापुरतं. पण भूकंपाला बारा दिवस झाले होते आणि तेवढ्यात काही शब्द न शिकताच पाठ झाले होते. गेन्पात्सु म्हणजे अणुवीज केंद्र, होशानो म्हणजे किरणोत्सर्ग. त्या दिवशी त्यांच्या शेजारी दोन साधे, घरातले शब्द येऊन बसले. सुइदोसुइ, नळाचं पाणी. न्यूजी, तान्हं बाळ.

बाटली तशीच ओट्यावर राहिली.

आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशि-कासाईला राहतो. इथे भारतीय कुटुंबं बरीच, बहुतेक आयटीतली. नदीचं आणि वॉर्डाचं नाव एकच, आणि त्याच नदीचं पाणी कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रात उचलून आमच्या नळांना येतं. तिथे आदल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात दर किलो पाण्यात 210 बेक्वेरेल आयोडीन-131, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, सापडलं होतं. बाळांसाठी ठरवलेली मर्यादा 100, मोठ्यांसाठी 300. म्हणून टोकियोचे 23 वॉर्ड आणि पश्चिमेकडची पाच शहरं यांतल्या आईवडिलांना सांगण्यात येत होतं की वर्षाखालच्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका, त्यात दूधही कालवू नका.

भूकंप आणि त्सुनामीत बिघडलेलं फुकुशिमा दाइइचि अणुवीज केंद्र आमच्यापासून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर. 12 आणि 14 मार्चला तिथे झालेले हायड्रोजनचे स्फोट आम्ही टीव्हीवर पाहिले होते, पण ते दूरचं वाटत होतं. मग 21 तारखेपासून पाऊस लागला. मी लंगोट घरातच दोरीवर वाळत घालत होते आणि एवढंच डोक्यात होतं की आता हे सुकायचे कधी. हवेतून आलेलं जे काही होतं ते त्या पावसाने खाली आणलं, नदीत घातलं, आणि नदीतून ते आमच्या स्वयंपाकघरात आलं.

बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळे काही हजार बेक्वेरेल कायमच असतात, त्यामुळे 210 हा आकडा नुसता ऐकून घाबरण्यासारखा नाही. घाबरायचं ते आयोडीन कुठे जातं याला. ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. बाळाची ग्रंथी इवलीशी, वाढीला लागलेली. त्यामुळे तेवढेच बेक्वेरेल पोटात गेले तरी तान्ह्या बाळाला बसणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोठ्या माणसाच्या साधारण आठपट होते. 1986 मध्ये चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचे कर्करोग झाले ते मुख्यतः असं आयोडीन असलेलं दूध पिऊन. एकाच नळाला दोन मर्यादा का, हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं तर ती दुपार थोडी सोपी गेली असती. तेव्हा एवढंच दिसत होतं की ज्या पाण्याचा मी चहा करून प्यावा, त्याच पाण्याचं दूध माझ्या मुलीला चालत नाही. शिवाय मी तिला पाजतही होते. मी प्यायलेल्या पाण्यातलं आयोडीन थोडंफार माझ्या दुधात उतरणारच. स्तनदा मातांनी पाणी प्यायला हरकत नाही असं सांगत होते, तरी प्रत्येक घोटाला माझा घसा आवळायचा.

साताऱ्याहून आईचा फोन आला. आपल्याकडच्या बातम्यांत स्फोटांची तीच तीच चित्रं दाखवत होते आणि ती रोज रडत होती. त्या दिवशी मात्र रडली नाही. तिने उपाय सांगितला. "अगं, मग उकळून दे ना. चांगलं खळखळून उकळ."

"उकळतेच आहे गं."

"मग दुपदरी फडक्यातून गाळ. तुरटी मिळते का तिकडे?"

आपल्या पिढ्यान् पिढ्या पाण्याची काळजी म्हणजे हेच. निवळ, गाळ, उकळ. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई तुरटीचा खडा हंड्यात फिरवायची, आम्ही वाकून बघायचो, गाळ हळूहळू तळाशी बसायचा. मी तिला सांगितलं की उकळून हे जात नाही. जंतू मरतात, आयोडीनच्या अणूला उकळीने काही होत नाही. उलट पाणी जितकं आटेल तितकं ते उरलेल्या पाण्यात दाट होतं. फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "म्हणजे आता करायचं काय?"

उत्तर ओट्याखाली होतं, हे संध्याकाळी नवऱ्याच्या लक्षात आलं. 11 मार्चला दुपारी 2.46 ला जमीन हलली, त्यानंतर तासाभरात शेजारच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं होतं: टबात पाणी भरून ठेवा, बाटल्या भरा, पाणी कधीही जाईल. इथे लहानपणापासून शिकवतात हे. आम्ही त्या रात्री दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या नळावर भरल्या होत्या. पाणी गेलंच नाही, म्हणून त्या तशाच राहिल्या होत्या. ते पाणी 11 तारखेचं होतं, अणुवीज केंद्रातून काही बाहेर पडायच्या आधीचं. बारा दिवस साठवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं, म्हणजे जंतूंची भीती होती. पण जंतूंवर उपाय होता. मी ते खळखळून उकळलं, निववलं आणि लेकीला दूध दिलं. आईला लगेच फोन केला. "उकळलंस ना नीट?" एवढंच तिने विचारलं.

बाहेर तोवर बाटल्या संपल्या होत्या. कोम्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली, फळी रिकामी, रस्त्यावरच्या विक्रीयंत्रात पाण्याच्या बटणांवर लाल दिवे. एका दुकानात परदेशी पाणी उरलं होतं, पण ते जास्त क्षारांचं पाणी, बाळाच्या मूत्रपिंडांना सोसत नाही, म्हणून ते घेऊन उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी टोकियो सरकारने बाटल्या वाटायला काढल्या: 550 मिलीलिटरच्या 2 लाख 40 हजार, साधारण 80 हजार बाळांना प्रत्येकी तीन. मी लेकीचं बोशी तेच्चो, म्हणजे इथे प्रत्येक गरोदर बाईला मिळणारी आई-बाळाची आरोग्यवही, छातीशी धरून गेले. सगळ्या बायका तशाच, पोटाशी बाळ बांधलेल्या. कुणी ढकललं नाही, कुणी जास्त मागितलं नाही. तीन बाटल्या म्हणजे दीड लिटरच्या वर थोडं, लेकीच्या जेमतेम दोन दिवसांचं. पण माझ्या मुलीच्या वाट्याचं पाणी कुणीतरी मोजून बाजूला ठेवलं आहे, या जाणिवेने मी घरी येऊन खूप रडले.

सूचनेत आणखी एक वाक्य होतं, ते मला नंतर कळलं आणि आजही महत्त्वाचं वाटतं. दुसरं पाणी मिळतच नसेल तर बाळाला नळाचं पाणी द्यायला हरकत नाही. थोड्या दिवसांच्या आयोडीनपेक्षा तहानलेलं बाळ जास्त धोक्यात. हे वाक्य पट्टीच्या पहिल्या फेरीत, सगळ्यांना कळेल असं यायला हवं होतं.

24 तारखेला सकाळी कानामाचीचा आकडा 79 वर आला आणि बाळांसाठीची मनाई उठली. राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी त्याच केंद्रात कॅमेऱ्यांसमोर ग्लासभर पाणी प्यायलं. मला त्याने काहीच धीर आला नाही. मोठ्या माणसाने ते पाणी प्यायला कुणी नको म्हटलंच नव्हतं. प्रश्न तान्ह्या बाळांचा होता. धीर आला तो 79 ने, आणि त्याहून जास्त आदल्या दिवशीच्या 210 ने. वाईट आकडा हाती आल्यावर तो दाबून ठेवला नाही. कोट्यवधींच्या शहरात घबराट होणार हे ठाऊक असूनही सांगितला. म्हणून नंतर आलेल्या चांगल्या आकड्यावर मी विश्वास ठेवू शकले. हे लिहायचं म्हणून तर आज बसले आहे.

कारण सगळीकडे असं झालं नाही. वारा कुठे वाहतोय आणि किरणोत्सारी पदार्थ कुठे पडतील याचा अंदाज बांधणारी स्पीडी नावाची यंत्रणा जपानकडे होती. तिचा पहिला नकाशा लोकांसमोर आला तो याच 23 मार्चला. तोवर अणुवीज केंद्राजवळच्या नामिएचे लोक वायव्येला त्सुशिमाकडे गेले होते, नेमके किरणोत्सारी ढग गेला त्या वाटेवर. त्याच दिशेच्या इइताते गावात 15 तारखेच्या पावसात आणि बर्फात हे सगळं खाली आलं. तिथे नळाच्या पाण्यात 965 बेक्वेरेल आयोडीन सापडलं. टोकियोत 210 ला जगभरातले कॅमेरे धावले. त्या गावात त्याच्या साडेचारपट होतं, आणि गाव रिकामं करायचा निर्णय एप्रिलमध्ये झाला. टीव्हीवर मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव युकिओ एदानो निळ्या कामगारी जाकिटात रोज सांगत होते, प्रकृतीवर "तादाचि नि", म्हणजे ताबडतोब, परिणाम होणार नाही. ताबडतोब होणार नाही, मग कधी होणार? हे मी एकटीच विचारत नव्हते. बागेत भेटणारी प्रत्येक जपानी आई हेच विचारत होती.

जिथे आकडा नसतो तिथे अफवा येतात. आशियाभर एक मेसेज फिरला, बीबीसीच्या नावाने, की किरणोत्सर्ग येतोय, गळ्याला आयोडीनचं औषध चोळा. माझ्या मावशीने तो मला पाठवला, मला, टोकियोत. इथे काहीजण गुळण्यांचं आयोडीन पिऊ लागले, तेव्हा ते पिऊ नका असं राष्ट्रीय किरणोत्सर्ग विज्ञान संस्थेला जाहीर करावं लागलं. मी मावशीला रागावले नाही. ती हजारो मैलांवरून जे हाताला लागेल ते माझ्याकडे फेकत होती.

आमच्या ओळखीतली निम्मी कुटुंबं त्या आठवड्यात भारतात गेली. लेकीचा पासपोर्ट हातात आला नव्हता म्हणून आम्ही राहिलो. लोक याला धैर्य म्हणतात, ते तसं नव्हतं. पुढे वर्षभर मी रोज सकाळी आधी पाण्याचे आकडे बघायचे. "फुकेन्शुत्सु" हे चिनी अक्षरांत ओळखायला शिकलेलं माझं पहिलं मोठं शब्दचित्र. म्हणजे, आढळलं नाही. डिसेंबरात एका कंपनीच्या बाळदुधाच्या पावडरमध्ये सीझियम, म्हणजे आणखी एक किरणोत्सारी पदार्थ, सापडलं, किलोला 30.8 बेक्वेरेलपर्यंत. तेव्हाच्या मर्यादेच्या बरंच आत, तरी त्यांनी सुमारे 4 लाख डबे बदलून दिले. एप्रिल 2012 पासून पिण्याच्या पाण्यात सीझियमची मर्यादा 200 वरून 10 वर आणली. 2023 च्या ऑगस्टमध्ये फुकुशिमाच्या केंद्रातलं प्रक्रिया केलेलं, ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेलं पाणी समुद्रात सोडायला लागले तेव्हा पुन्हा गावाकडून फोन आले, की नळाचं पाणी पिऊ नका. ते समुद्रात जातं, आमच्या नळाला नाही, हे सांगताना मला चिडायला झालं नाही. पाण्याची भीती एकदा बसली की ती नकाशा बघत नाही.

आई आली ती 2011 च्या नोव्हेंबरात, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला. सामानात लोणचं, मेतकूट, आणि रुमालात बांधलेला तुरटीचा खडा. मी तोवर पाण्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. ओट्याशी उभी राहून तिला सांगितलं, तुझी तुरटी अगदीच चुकीची नव्हती. सीझियम मातीच्या कणांना धरून बसतं. इथल्या जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीच्याच जातीचं अ‍ॅल्युमिनियमचं रसायन घालून गाळ खाली बसवतात, वरचं पाणी वाळूतून काढतात, सीझियम बहुतेक त्या गाळात राहतं. मग तो गाळ कुठे ठेवायचा ही वेगळीच डोकेदुखी होते.

"आणि ते दुसरं? आयोडीन?"

"ते विरघळलेलं असतं, तुरटीला दाद देत नाही. कोळशाची बारीक भुकटी घालतात, थोडं धरलं जातं. बाकी वाट बघायची. आठ दिवसांत निम्मं होतं, आणखी आठ दिवसांत त्याच्या निम्मं."

तिने बोटांवर मार्च ते नोव्हेंबर मोजलं. मग तुरटी रुमालात बांधून फळीवर ठेवली, नळ सोडला, पातेलं भरलं आणि उकळायला ठेवलं.