एकाच बादलीने अंडीही दिली आणि रोगही

जुनं प्लॅस्टिक कार्ड घेऊन मी काच खरवडायला हात माशांच्या टँकमध्ये घातलाच होता. काचेवर वीसेक ठिपके चिकटले होते. गोगलगायींची अंडी, दुसरं काय असणार? पाणवनस्पतींबरोबर फुकटात आलेल्या गोगलगायींनी आधीच जीव नकोसा केला होता.

"बाबा, थांब ना. ही वेगळी दिसतायत," मुलगी म्हणाली. तिच्या हातात भिंग होतं आणि माझ्यापेक्षा जास्त धीर.

भिंगातून पाहिलं आणि कार्ड बाजूला ठेवलं. गोगलगायीची अंडी म्हणजे पारदर्शक, लिबलिबीत जेलीचा पुंजका, आत बारीक टिंबं; बोट लावलं की पसरतो. इथे मात्र प्रत्येक अंडं सुटं, गोल, टाचणीच्या डोक्याएवढं, बोटाखाली घट्ट लागणारं. दोन-तीन इथे, चार तिथे. रंग मळकट पांढरा, काहींवर पिवळसर झाक. नेराइट गोगलगायींची अंडी टणक असतात खरी, पण ती तिळासारखी पांढरीशुभ्र आणि चपटी दिसतात; शिवाय ती गोगलगाय माझ्याकडे नव्हतीच.

मग उरलं कोण? गप्पी पिल्लंच देतात, त्यांचा प्रश्नच नाही. निऑन टेट्रा अंडी सोडून मोकळे होतात आणि सापडली तर स्वतःच गट्टम करतात. राहिल्या तळाशी मिशा घासत फिरणाऱ्या पाच ब्राँझ कॉरी. त्या रात्री दिवा मंद करून बसलो तेव्हा खात्रीच पटली. एक जाडजूड मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात अंडी धरून आली, काचेवर तोंडाने जागा साफ केली आणि पोट टेकवून दोन अंडी चिकटवून गेली. इतकी वर्षं मासे पाळतोय, पण हे पहिल्यांदा पाहिलं.

कारण नंतर लक्षात आलं. दोन दिवसांपूर्वी पाणी बदलताना मी आळस केला होता. टँक 25 अंशांवर होता आणि बादलीतलं पाणी हाताला चांगलंच गार लागत होतं. अँटीक्लोरीन टाकलं, तापमान जुळवायचं सोडून दिलं आणि ओतलं. कॉरींच्या लेखी गार पाणी म्हणजे पावसाळा लागला, अंडी घालायची वेळ झाली. टेट्रांच्या लेखी तो निव्वळ धक्का होता. आणि त्यांतले सहा टेट्रा आठवड्यापूर्वीच आणून मी वेगळे न ठेवता थेट टँकमध्ये सोडले होते. हा दुसरा आळस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवा टेट्रा फिल्टरच्या पाइपवर अंग घासताना दिसला. पर अंगाशी चिकटवलेले, शेपटीवर मिठाच्या कणासारखा एक पांढरा ठिपका. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगावर अकरा ठिपके झाले आणि दोन जुन्या टेट्रांवरही दिसायला लागले. व्हाइट स्पॉट, म्हणजे इक: परजीवीमुळे होणारा माशांचा रोग.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, मीठ टाकलं. तासाभरात कॉरी वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा गिळायला लागल्या. त्या एरवीही अधूनमधून तसं करतात, पण हे वेगळंच होतं. या माशांना मीठ सोसत नाही हे मला माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. निम्मं पाणी बदललं, या वेळी थर्मामीटर बुडवून. मग उशिरा का होईना पाणी तपासलं. माशांच्या घाणीतून दोन विषं तयार होतात: अमोनिया शून्य होता, पण नायट्राइट 0.25. सहा मासे एकदम वाढवल्यावर ही घाण पचवणारे फिल्टरमधले जीवाणू मागे पडले होते. ज्या माशाच्या कल्ल्यांवर परजीवी बसलाय त्याला नायट्राइटचं पाणी म्हणजे दुहेरी मार, म्हणून आधी पाणी ताळ्यावर आणलं आणि मग औषधाकडे वळलो.

या रोगाची मेख अशी की, आपल्याला दिसतो तो ठिपका औषधाने मरत नाही. परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत फुटत एकाचे शेकडो होतात. ही पिल्लावळ पाण्यात पोहत नवा मासा शोधते आणि साधारण दोन दिवसांत सापडला नाही तर मरते. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. पाणी उबदार केलं की हे चक्र भराभर फिरतं, म्हणजे शत्रू उघड्यावर लवकर येतो.

म्हणून हीटर दिवसाला एकेक अंश चढवत 28 वर नेला. उबदार पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, त्यामुळे दुसरा एअर स्टोन सोडला. फिल्टरमधला कार्बन काढला, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. मॅलॅकाइट ग्रीन हे औषध अर्ध्या डोसने दिलं, कारण टेट्रा आणि कॉरी दोघेही नाजूक. प्रत्येक डोसआधी सायफनने तळ साफ केला आणि पाव पाणी बदललं. टँकच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन तेव्हापासून निळसर-हिरवं आहे, ते आता तसंच राहणार.

चौथ्या दिवशी सगळे ठिपके गायब! औषध थांबवायचा मोह भयंकर होता. पण ठिपके गळाले याचा अर्थ ते आता तळाशी फुटत होते. सहाव्या दिवशी पुन्हा दिसले, तेव्हा माझी खात्री पटली आणि बायकोची सहनशक्ती संपली. एकूण पंधरा दिवस औषध चाललं, शेवटचे सहा दिवस एकही ठिपका नसताना. तीन टेट्रा गेले. कॉरी सगळ्या वाचल्या.

अंडी मात्र पहिला डोस द्यायच्या आधीच हलवली होती. बोटाच्या पेराने हलकेच लोळवली की ती काचेवरून सुटतात. तेवीस मिळाली. प्लॅस्टिकच्या डब्यात त्याच तापमानाचं ताजं पाणी, बारीक बुडबुडे आणि बुरशी रोखणाऱ्या मिथिलिन ब्लूचे थेंब, पाणी आकाशी दिसेल इतकेच. दुसऱ्या दिवशी सात अंडी दुधासारखी पांढरी पडून त्यांवर कापूस आला. ती ड्रॉपरने लगेच उचलली, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यावर जाते. बाकीची तपकिरी होत गेली. तिसऱ्या रात्री मुलीने भिंग धरलं आणि ओरडली. अंड्याच्या आत दोन काळे डोळे होते, आणि शेपटी एकदा फडकली.

चौथ्या दिवशी बारा पिल्लं बाहेर आली. पहिले दोन-तीन दिवस त्यांचं पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर भागतं. मग मी ताजा उबवलेला आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, दिला आणि तोही जास्त दिला. उरलेलं कुजलं, एका रात्रीत पाच पिल्लं मेली. त्यानंतर दिवसातून दोनदा ड्रॉपरने तळ साफ करायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलं. सात जगली.

परवा काचेवर पुन्हा ठिपके दिसले. मी भिंग घेतलं, नीट पाहिलं. जेली होती. कार्डाने खरवडून टाकली, तेव्हापासून मुलगी माझ्याशी बोलत नाहीये.