लशीचा डबा घेऊन कुनोच्या वेशीवर

पहाटे साडेचारला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघालो, तेव्हा दादाने माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा ठेवला. आत बर्फ आणि शेळ्यांच्या पीपीआर रोगावरची लस. "पोहरीच्या पुढे जाईपर्यंत झाकण उघडू नकोस," एवढंच म्हणाला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, पशुवैद्य. मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या गावांत तो लसीकरणाला जातो, आणि मलाही एकदा ने म्हणून मी कित्येक दिवस त्याच्या मागे लागले होते.

कुनोचं नाव निघालं की आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सिंहांची गोष्ट निघतेच. १९०४ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या महाराज माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि पुढे श्योपुर-शिवपुरीकडच्या जंगलात सोडले. आजोबा गोष्ट इथेच थांबवायचे. पुढचं मला मोठेपणी कळलं. त्या सिंहांनी आधी गुरं धरली, मग माणसं, आणि शेवटी त्यांना मारावं किंवा पकडावं लागलं. ती गुरं कोणाची होती, हे आमच्या घरच्या गोष्टीत कधी आलंच नाही.

शिवपुरीपर्यंत धुकं, मग मोहरीची पिवळी शेतं. पोहरी सोडल्यावर पानं झडलेली करधईची झाडं सुरू झाली. याच जंगलात १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा. राष्ट्रीय उद्यान ७४८ चौरस किलोमीटरचं, त्याला सलग कुंपण नाही. चित्ता चालत सुटला की शेतात, वस्तीजवळ येतो. मार्च २०२५ मध्ये ज्वाला नावाची मादी आणि तिचे बछडे गावाजवळ जनावरावर धावून गेले, तेव्हा लोकांनी दगड मारले. तो व्हिडिओ पाहून मी खूप चिडले होते. दगड मारणाऱ्यांच्या दारात जाऊन बसायचं मात्र तेव्हा सुचलं नव्हतं.

आम्ही गेलो ती सहरिया आदिवासींची वस्ती. एका काकींच्या अंगणात अकरा शेळ्या. बाभळी-बोरीच्या काट्यांचं कुंपण माझ्या छातीएवढं, वर मोकळं आभाळ. "चित्त्याने माझी गाभण शेळी नेली," काकी म्हणाल्या.

दादा एकेक शेळी पायांत धरून सुई टोचत होता आणि विचारत होता. कधी नेली? रात्री. सांगाडा कुठे सापडला? खाली नाल्यात, ओढत नेलेला. दुसऱ्या रात्री पुन्हा खाल्लेला दिसला का? हो. मग त्याने धुळीत बोटाने दोन पंजे काढले, एकाला नखं, एकाला नाहीत. चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, म्हणून ती ठशात उमटतात. शिवाय तो बहुतेक दिवसा शिकार करतो, घाईने खातो आणि सहसा परत फिरकत नाही. "काकी, हा बिबट्या होता."

आता यात काय एवढं, असं वाटेल. पण चित्त्यासाठी दिवसा कळपाबरोबर जागं माणूस लागतं, आणि बिबट्यासाठी रात्री शेळ्यांच्या वाड्यावर छत लागतं. चुकीच्या जनावरावर राग धरला तर उपायही चुकतो, आणि कोणी त्या सांगाड्यात विष कालवलं तर कोल्हा, गिधाड, जे खाईल ते मरतं.

काकींनी वासामुळे सांगाडा पुरून टाकला होता. मग पंचनामा कशाचा होणार? भरपाई मिळते, पण सांगाडा जागेवर हवा आणि वनरक्षकाला लगेच कळवायला हवं. गावातल्या चित्ता मित्राचा, म्हणजे चित्त्यांसाठी नेमलेल्या गावकरी स्वयंसेवकाचा, नंबर दादाने त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये घालून दिला.

नामिबियात १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची राखणीची कुत्री देतात. पिल्लू कळपातच वाढतं आणि मोठं झाल्यावर चित्त्यासमोर उभं राहून भुंकतं. चित्ता भांडण टाळून निघून जातो. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. दादा म्हणाला, "तेवढ्या मोठ्या कुत्र्याला रोज खायला काय घालायचं? इथली कुत्री आहेत ती बरी. आधी त्यांना लस देऊ, नाहीतर त्यांचा डिस्टेंपर रोग जंगलातल्या जनावरांत जाईल."

मग त्याने काकींना विचारलं, पावसाळ्यात रोगाने किती गेल्या? पाच. पाच! आणि बिबट्याने एक. त्या पाचांबद्दल काकी आपणहून अवाक्षर बोलल्या नव्हत्या. रोगावर राग तरी कसा काढणार? माझ्या मांडीवरच्या डब्याचं मोल मला तेव्हा समजलं. त्या पाच वाचल्या असत्या तर सहावीचं दुःख झालंच असतं, पण घर हललं नसतं. आणि घर हललं नाही तर हात दगडाकडे जायला वेळ लागतो, असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी आम्ही दोरीने वाडा मोजला. नऊ हात लांब, सात हात रुंद. मी डब्याच्या झाकणावर लिहून घेतलं.

परतताना पोहरीत हार्डवेअरच्या दुकानात जाळीचा भाव विचारला. दुकानदाराने बारीक तारेची गुंडाळी पुढे केली. "कोंबड्यांसाठी ना?"

"शेळ्यांसाठी," दादा म्हणाला. "वरून बिबट्या येतो."

दुकानदाराने ती गुंडाळी बाजूला सारली आणि आतून जाड तारेची काढायला गेला.