फिरा नावाचं गाव

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या मुख्य गावाचं नाव फिरा. आमच्या क्रूझ शिपच्या रूटमध्ये पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, म्हटलं बरंय, गावच सांगतंय फिरा. आणि ऑगस्टमध्ये तिथे बघाल तर फिरायचं सोडा, पाय ठेवायला जागा नाही.

मी शिपवर वेटर होतो, दोन कॉन्ट्रॅक्ट केली, दोन्ही वेळा उन्हाळा ग्रीसमध्ये. तिथे मोठी शिप धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र भरलाय, आणि तो इतका खोल की नांगर टाकायची सोयच नाही, म्हणून शिप बाहेर पाण्यात आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर. टूर घेतलेल्यांना आधी अथिनिओस बंदरात उतरवतात, तिथून बस, मग ओइया गाव, फोटो, मग फिरा, आणि तिथे गाइड टाटा करतो, आता खाली तुमचे तुम्ही या. खाली म्हणजे जुन्या बंदरात. दोनशे मीटरच्या वर कडा, उतरायला केबल कार, गाढव नाहीतर ५८८ पायऱ्या. केबल कारच्या एका खेपेला ३६ माणसं. आमच्या एकट्या शिपवर तीन हजार, आणि अशा चार उभ्या. करा हिशोब!

एकदा तीन तास सुट्टी मिळाली तेव्हा पायऱ्यांनी वर गेलो (गाढवांच्या लिदीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बुटांना होता). केबल कारच्या गल्लीत एका बाईचं टोप्या-मॅग्नेटचं दुकान. रांग बरोब्बर तिच्या दारावरून गेलेली, दीड तासाची, पण रांग सोडून आत कोण येणार? थंड पाणी घ्या म्हणाली तर एक आजोबा म्हणाले, नको, शिपवर फुकट आहे. खरंच होतं ते. जेवणाचे पैसे आधीच भरलेले, त्यामुळे संध्याकाळी तेच आजोबा माझ्याकडे बुफेत पिझ्झा खायला हजर.

मी मालवणचा. मे महिन्यात किल्ल्याच्या होड्यांना आमच्याकडेही झुंबड असते, शिव्याही घालतो आम्ही, पण आलेला माणूस रात्री राहतो, बांगड्याचं ताट खातो. सँटोरिनीत माणसं येतात ती पोट भरून, आणि जातात भूक लागायच्या आत.

बेटावर राहणारी माणसं साधारण १५,०००. जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ११,००० क्रूझवाले उतरणार होते, तेव्हा गावातल्या एका पदाधिकाऱ्याने फेसबुकवर रहिवाशांनाच सांगितलं, आज बाहेर पडणं कमी करा. लोक जाम भडकले, पोस्ट काढावी लागली. आता २०२५ पासून दिवसाला ८,००० ची मर्यादा ठरवलीय, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून सीझनमध्ये माणशी २० युरो फी. मला विचाराल तर २० युरोंनी कोणी घरी बसत नाही, खरी भानगड आकड्यापेक्षा वेळेची आहे, सगळे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. घरभाडी वाढलीत, बदली होऊन आलेल्या शिक्षकांना खोली मिळत नाही, पण ते पाप एकट्या क्रूझचं नाही, हॉटेलवाल्यांचंही आहे.

निघताना त्या बाईकडून एक मॅग्नेट घेतला, आईसाठी. मी क्रू आहे कळल्यावर तिने एक युरो कमी केला, मग कड्यावरून खाली बघत बोटाने शिपा मोजल्या आणि विचारलं, उद्या किती?

मला फक्त आमची माहीत होती. म्हटलं, आमची गुरुवारी.