6000 हर्ट्झचं जिनिंग

कानाच्या तपासणीला येणारी माणसं निम्म्या वेळा भांडतच आत येतात. म्हातारा म्हणतो मला ऐकू येतंय, घरचे म्हणतात येत नाही, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात. मी परभणीत ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक 'मशीनवाल्या बाई' म्हणतात, तेही चालतं.

ही दोघं मानवतकडच्या एका गावाहून आलेली, सासरे आणि सून. नवरा पुण्याला कंपनीत. सुनेची तक्रार अशी : "फोनवर ह्यांचं सगळं ऐकू येतंय मामांना. माझंच येत नाही. मुद्दाम करायलेत." आजोबांची वेगळीच : "वरडू नको म्हनाव तिला, कानात खुपतंय. आन् आत जिनिंग चालू हाय, बाई. रातभर. कोनी बंदच करंना."

जिनिंग म्हणजे खरोखरचं जिनिंग, कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रांचा आवाज. आजोबांचे कितीतरी हंगाम जिनमध्ये गेलेले. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दिवसपाळी-रात्रपाळी. कानात काय घालायचे विचारलं तर म्हणाले, कापूसच. कापसाने धूळ अडते, आवाज फारसा अडत नाही. कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. ते मोजायला कुणी आलेलं आजोबांनी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी ताकदीच्या गोळ्या भरपूर खाल्ल्या होत्या. 'वय झालं, सवय करून घ्या' हेही ऐकून झालं होतं. आमच्याच क्षेत्रातली माणसं हे वाक्य फार स्वस्तात वापरतात. मुलाने ऑनलाइन एक मशीन मागवलं होतं. ते सरसकट सगळंच मोठं करतं, त्यामुळे आजोबांना पंखा मोठा ऐकू यायचा आणि सून तशीच.

कानात आवाज असलेल्या माणसाची तपासणी चिकट काम असतं. हेडफोन लावून सांगायचं, बारीक आवाज आला की बटण दाबा. यांच्या कानात मुळातच बारीक आवाज चालू, त्यामुळे मी काही न वाजवताही बटण दाबलं जातं. मग सलग सूर सोडून तुटक द्यायचा, टुक-टुक-टुक, म्हणजे आतला कुठला आणि बाहेरचा कुठला ते वेगळं काढता येतं. एसी बंद, मोबाइल बाहेर. त्यात रस्त्यावरून डीजे गेला की सगळं थांबवून बसायचं. त्या दिवशी गेलाच.

आलेख मला अपेक्षित होता तसाच आला. हर्ट्झ म्हणजे सुराची पट्टी, डेसिबल म्हणजे तो सूर ऐकू यायला किती मोठा करावा लागला; आकडा मोठा तितकं कमी ऐकू येतं. 500 हर्ट्झला 25 डेसिबल, म्हणजे जवळपास ठीक. 2000 ला 50. 4000 आणि 6000 ला 70, आणि 8000 ला रेघ पुन्हा जराशी वर, म्हणजे तिथे थोडं बरं. आवाजाने खाल्लेला कान आणि त्यावर वय. हा आलेख मी सुनेसमोर ठेवला. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, च, त ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती गळतात. 'चहा' आणि 'सहा' त्यांना एकच. नवऱ्याचा आवाज जाड, तुमचा बारीक. म्हणून त्याचं कळतं, तुमचं नाही. आणि अशा कानाला हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण जरा चढवलं की लगेच टोचतं. ती ऐकत होती, पण पटल्यासारखी दिसली नाही.

मग आतला आवाज जुळवायला घेतला. एकेक सूर वाजवून विचारायचं, हा का तो? 3000, नाही. 4000, "जवळ हाय." 6000 ला आजोबा खुर्चीतून निम्मे उठले. "ह्योच! ह्योच की त्यो!" मग तीव्रता, एकेक डेसिबलने. 76 ला म्हणाले, बरोबर.

सून म्हणाली, "मला ऐकू द्या."

इथे मी अडले. आजोबांना तो सूर मुळात ऐकूच येतो 70 पासून, म्हणजे त्यांच्या कानाच्या हिशेबाने आतला आवाज उंबरठ्यापेक्षा जेमतेम 6 डेसिबल वर. बहुतेकांचं असंच निघतं. सांगताना कारखाना असतो, मोजताना जेमतेम. हिचा कान तरुण. तिच्या उंबरठ्यावर 6 चढवून दिले असते तर डास गुणगुणल्यासारखं वाटलं असतं, आणि 'एवढंच?' म्हणून ती घरी गेली असती. मी 76 च दिले. दोन सेकंदांत तिने हेडफोन ओढून काढला. "हे रातभर?" म्हणाली, आणि सासऱ्यांकडे न बघता पदराने तोंड पुसत बसली.

संभाजीनगरच्या एका सहकारीणबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हे शास्त्र नाही, नाटक आहे. त्यांच्या मते दोन कानांना एकच आकडा देणं म्हणजे दिशाभूल. पण मग कोणता आकडा खरा? 6 डेसिबल कागदावर खरे आहेत. मात्र त्या 6 डेसिबलांनी माणूस रात्र रात्र ओसरीवर बसून काढतो, हे त्या कागदावर कुठेच उमटत नाही.

आजोबांना एका कानाला मशीन बसवलं, वरच्या पट्टीलाच जोर देऊन. भांड्यांचा खणखणाट त्यांना अजून सोसत नाही, सेटिंग बदलत जावं लागतंय. बाहेरचे आवाज कानात जायला लागल्यापासून दिवसा जिनिंग मागे पडतं म्हणतात. रात्री मशीन काढलं की पुन्हा सुरू, म्हणून उशाशी रेडिओ बारीक लावून ठेवायला सांगितलाय. सून आता समोर येऊन बोलते, मिक्सर बंद करून.

मागच्या खेपेला आजोबा बाहेर बाकावर बसलेले असताना तिने विचारलंच, "मॅडम, मला ऐकवलं तेवढंच त्यांना ऐकू येतंय का?"

म्हटलं, तसं नक्की सांगता येत नाही.

"पर त्याच्यापेक्षा कमी तर नसंल ना?"

त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर तिने फोन लावून माझ्या हातात दिला होता. पलीकडे नवरा. तो म्हणाला, तो आवाज जरा व्हॉट्सअॅपवर पाठवता का? म्हटलं, फोनच्या स्पीकरवर कळायचा नाही. सुट्टी काढून इथे या.